एका लेकराचे दोन डॉक्टर

२०२३ चा पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. साखर कारखान्यांचे पट्टे पडले होते, म्हणजे हंगाम संपला होता, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतत होत्या. आमच्या बीड जिल्ह्यात हे दिवस माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत लगेच कळतात, दिवाळीनंतर जो शुकशुकाट होतो तो या दिवसांत एकदम भरून निघतो, बाहेरच्या बाकड्यांवर जागा राहत नाही आणि पाच महिने उसाच्या फडात राहिलेली लेकरं घेऊन बायका येतात, कुणाला ताप, कुणाला खरूज, कुणाचं पोट सुटलेलं. त्यातच एक बाई चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आली. मुलगी पांढरीफटक, हातपाय काडीसारखे, पण डोळे लख्ख, माझ्या स्टेथोस्कोपकडे एकटक बघत होती.

मी नेहमीचं विचारलं, तिकडे काही दवाखाना झाला का, काही कागद आहे का. आणि मनात नेहमीचं उत्तर तयार होतं, की कागद कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहिला, पावसात भिजला, मुकादमाकडे आहे. पण या बाईने कमरेच्या पिशवीतून दुधाची एक धुतलेली प्लास्टिकची पिशवी काढली, तिला वरून दोरा गुंडाळलेला, आत चार घड्या घातलेला कागद. म्हणाली, "त्या डाक्टरनी सांगितलं, ह्यो कागद जिवापाड सांभाळ अन् गावाकडं गेल्या गेल्या लेकराच्या डाक्टरला दे."

सांगली जिल्ह्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी होती ती. छापील लेटरहेडवर, स्वच्छ अक्षरात. न्यूमोनियासाठी सात दिवस ॲडमिट, अँटिबायोटिक कोणतं आणि किती दिवस. घरी सोडताना वजन ६ किलो १००, दंडाचा घेर ११.२ सेंमी, हिमोग्लोबिन ६.४. गोवर-रुबेलाचा पहिला डोस चुकला होता, तो इथे दिला, तारीख अमुक, दुसरा वयाच्या सोळा महिन्यांनंतर. आणि खाली अधोरेखित करून लिहिलेलं, की आयर्न अजून सुरू केलेलं नाही, खाणं सुधारून वजन वाढायला लागलं की सुरू करा. शेवटी मोबाइल नंबर.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दंडाचा घेर साडेअकरा सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, आम्ही ज्याला सॅम म्हणतो ते. अशा मुलाला पहिल्याच दिवशी आयर्न द्यायचं नसतं, आधी इन्फेक्शन आटोक्यात आणायचं, भूक परत आणायची, मग आयर्न. आता हा कागद नसता तर मी काय केलं असतं? हिमोग्लोबिन सहा बघून लगेच आयर्न लिहिलं असतं की थांबले असते, थांबले असते तर किती, आधी कुणी देऊन झालंय का, छातीत काय होतं, अँटिबायोटिक पूर्ण झालं का, सगळा अंदाजाचा खेळ. आईला विचारून इतकंच कळतं की "लाल अवषध दिलं आन् सुया दिल्या". त्या एका कागदामुळे माझं काम नवव्या दिवसापासून सुरू झालं, पहिल्या दिवसापासून नाही.

संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मी त्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, सर, मी बीडकडून बोलतेय, तुम्ही पाठवलेली चिठ्ठी मिळाली, मुलगी आलीय माझ्याकडे. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मिळाली? मॅडम, मी दहा वर्षं ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांना अशा चिठ्ठ्या देतोय. कुणाचा तरी फोन यायची ही पहिलीच वेळ."

मला त्या वाक्याने फार लागलं. कारण दहा वर्षांत त्यांच्या कितीतरी चिठ्ठ्या आमच्याकडे पोचल्या असणार, माझ्याच टेबलावर पोचल्या असतील, आणि आम्ही त्या वाचून, किंवा न वाचताच, बाजूला ठेवल्या असतील. मी स्वतः आजवर किती चिठ्ठ्या लिहिल्या? दिवाळीआधी माझ्याकडून ट्रीटमेंट चालू असलेली मुलं टोळीबरोबर निघून जातात, फिट्सची औषधं चालू असलेली, दम्याची, हृदयाला छिद्र असलेली, आणि मी फक्त म्हणायचे की तिकडे गेल्यावर कुणाला तरी दाखवत जा. कुणाला तरी म्हणजे कुणाला?

आमच्याकडचं चक्र कसं असतं ते थोडं सांगायला हवं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा-दिवाळीनंतर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरमधून निघायचं, सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, काही कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत पाचटाच्या कोपीत मुक्काम, फड संपला की कोपी हलते. पहाटे तीन-चारला आई तोडीला जाते, लेकरू फडातच पाचटावर झोपवलेलं असतं नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आता या लेकराचं लसीकरण गावच्या आशाताईच्या यादीत असतं, पण लेकरू गावात नसतं. जिथे ते असतं तिथल्या आशाच्या यादीत ते नसतं. आशांच्या गृहभेटी ठरलेल्या असतात, बाळ घरी जन्मलं तर पहिल्या बेचाळीस दिवसांत सात, दवाखान्यात जन्मलं तर सहा, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला. पण घरच हललं तर भेट कुणाची घेणार? ही मुलगी फेब्रुवारीत तिकडेच जन्मलेली, बीसीजी तिकडे, पुढचे डोस इकडे, नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला नेमका निघायच्या गडबडीत राहिला, आणि माता-बाल संरक्षण कार्ड कोपी हलवताना गेलं. याच हंगामात, २०२२ च्या शेवटाला, मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली होती, मुलं दगावली होती. गोवर कुठल्या कोपीत शिरायला किती वेळ लागतो?

म्हणजे बघा, या लेकराला डॉक्टर दोन आहेत. सात महिने मी आणि पाच महिने ते. आणि आम्ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हतो. एकच संघटना, एकाच पुस्तकातून शिकलेलो, कदाचित एकाच कॉन्फरन्सला शेजारच्या टेबलावर जेवलेलो. आमची इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे आयएपी, १९६३ ची आहे, देशभर शाखा आहेत, हजारोंनी सभासद आहेत, कॉन्फरन्समधून मी खूप शिकलेय आणि पुढेही जाणार आहे. पण नुसतं एका संघटनेत असणं आणि एका लेकराला दोघांनी मिळून सांभाळणं यात फार अंतर आहे. मला वाटतं भारतात मुलांची तब्येत सुधारायची तर हे अंतर आधी मिटवायला हवं.

ज्ञान आपल्याकडे कमी नाही हो. जुलाबाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, न्यूमोनियाला वेळेत अँटिबायोटिक, कमी वजनाच्या बाळाला कांगारू केअर म्हणजे उघड्या छातीशी धरून ऊब, पहिल्या तासात स्तनपान, हे सगळं ठरलेलं आहे, स्वस्त आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, ते संशोधन १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आज देशभर आशा घरोघर जातात त्याचं मूळ तिथे आहे. २०२३ ला केरळात हजारी बालमृत्यूदर ५ वर आला, देशाचा २५ होता. कुपोषणात तर आपल्या महाराष्ट्रानेसुद्धा मान खाली घालावी असे आकडे आहेत, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली २५.६ टक्के पाच वर्षांखालची मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली आणि रक्तक्षय तर शंभरातल्या ६९ लेकरांना. लेकरू हातातून जातं ते बहुतेक वेळा अधल्यामधल्या जागेत जातं. एका दवाखान्यातून निघालं आणि दुसऱ्यात पोचलं नाही, किंवा पोचलं पण फार उशिरा, किंवा पोचलं आणि तिथे कुणाला काही माहीतच नव्हतं.

एक रात्र सांगते. त्या चिठ्ठीच्या साधारण वर्षभर आधीची. रात्री सव्वादोनला बेल वाजली, खाली जीप, आत एक आजी, बापाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. सात तासांचं, वजन एक किलो सहाशे. टॉवेल ओला होता. बाळाच्या पोटाला हात लावला तर थंडगार, थर्मामीटर ३४ च्या वर जाईना, शुगर २२, दोन्ही फारच कमी. बापाने सांगितलं हे तिसरं ठिकाण. जिथे डिलिव्हरी झाली तिथून म्हणाले मोठ्या दवाखान्यात न्या, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले काचेची पेटी रिकामी नाही, पुढे जा. कुठेही कुणी फोन केला नव्हता, कागद नव्हता, शुगर तपासली नव्हती, आणि दोन तासांच्या रस्त्यात बाळ आजीच्या मांडीवर ओल्या टॉवेलात होतं. आम्ही वॉर्मरखाली घेतलं, ग्लुकोज दिलं, श्वासाला आधार दिला. पहाटे साडेपाचला ते गेलं. बाप बाहेर सिमेंटच्या पायरीवर बसला होता, मी जाऊन सांगितलं तर तो मलाच म्हणाला, "मॅडम, तुम्ही लय केलं." मला अजून ते आठवतं.

आजही मी त्या दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांना दोष देत नाही. पेटी खरंच रिकामी नसेल. पण त्या बाळाला आजीच्या उघड्या छातीशी लावून वरून घोंगडी गुंडाळली असती, निघण्याआधी शुगर बघून दहा टक्के ग्लुकोज दिलं असतं आणि कुठे जागा आहे ते एका फोनवर विचारलं असतं, तर ते बाळ माझ्याकडे गरम आणि दोन तास आधी पोचलं असतं. यात कुठलं महागडं मशीन नाही. पण हे करायला एक गोष्ट लागते, मी पाठवतोय ते बाळ अजूनही माझंच आहे असं वाटायला लागतं.

सांगलीच्या सरांशी बोलणं झाल्यावर मी आमच्या भागातल्या बालरोगतज्ज्ञांना फोन करायला सुरुवात केली. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत आम्ही सहा जण आहोत. खरं सांगते, आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नांना जायचो पण पेशंटबद्दल कधी बोलायचो नाही. याला कारण आहे आणि ते उघड बोलायला हवं. एकाच गावात दोन बालरोगतज्ज्ञ असले की ते आधी स्पर्धक असतात. पेशंट पाठवला की परत येत नाही ही भीती. आणि त्याहून वाईट म्हणजे कट, पेशंट पाठवण्याचं कमिशन. पेशंट कुठे जावा हे त्याची गरज बघून न ठरता पाकीट कुठून येतं त्यावर ठरणं, हे आमच्या धंद्यात चालतं, सगळ्यांना माहीत आहे, आणि जोवर ते चालतं तोवर दोन डॉक्टरांत विश्वास बसत नाही. आमच्या पहिल्या बैठकीत, एका सरांच्या घरी पिठलं-भाकरी खाता खाता, सगळ्यात वयस्क असलेल्या सरांनी हेच आधी काढलं. म्हणाले, लेकरू पाठवण्याचे पैसे कुणी द्यायचे नाहीत, कुणी घ्यायचे नाहीत, हे मान्य असेल तर पुढचं बोलू. सगळे गप्प बसले आणि मग एकेकाने हो म्हटलं. माझ्या मते आम्ही केलेल्या सगळ्या कामात हे सगळ्यात अवघड होतं, बाकीचं त्यामानाने सोपं गेलं.

मग ठरलं की बाळ हलवायच्या आधी फोन. रात्री आठला प्रत्येकाने ग्रुपवर टाकायचं, वॉर्मर किती रिकामे, श्वासाला आधार देणारं सीपॅप मशीन आहे का, कोण जागं आहे. निघण्याआधी तापमान, शुगर, श्वास बघायचा, बाळ कुणाच्या तरी छातीशी, आई येऊ शकत नसेल तर बाप, आजी, मावशी कुणीही. एकशेआठच्या गाडीतल्या डॉक्टरांनाही दाखवलं कसं बांधायचं ते. पहिल्या वेळी एका आजीला सांगितलं तर ती लाजली, म्हणाली या वयात? मग एकदा बांधल्यावर गाडीतून उतरेपर्यंत बाळावरचा हात काढला नाही तिने. ते बाळ ३६.६ ला पोचलं. पोचल्यावर उलटा फोन यायला हवा, हेही ठरवलं, की पोचलं, असं आहे, आणि घरी सोडताना परत चिठ्ठी. हा उलटा फोन फार महत्त्वाचा, कारण पाठवणाऱ्याला त्यातूनच कळतं आपलं काय चुकलं.

प्रसूतिगृहांच्या डॉक्टरांना आणि नर्सेसना घेऊन दोनदा नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचं ट्रेनिंग केलं, आयएपीचा फर्स्ट गोल्डन मिनिट म्हणून जो कार्यक्रम आहे त्यातलं. बाळ रडलं नाही तर पहिल्या एका मिनिटात काय करायचं, पुसायचं, उत्तेजन द्यायचं, नाहीतर बॅग-मास्क लावायचा. बाहुलीवर हात बसेपर्यंत करायचं. आमच्याकडच्या एका सिस्टरना वीस वर्षांचा अनुभव, त्या म्हणाल्या मॅडम मास्क नाकावर नीट बसतच नव्हता माझा इतकी वर्षं, आज कळलं.

आणखी एक काम जड आहे पण करायलाच हवं. दर महिन्याला एक मृत्यू घेऊन बसायचं. बालमृत्यूची चिकित्सा करायच्या केंद्र सरकारच्या सूचना २०१४ पासून आहेत, पण खाजगीत ते होत नाही, कारण बदनामीची भीती. आम्ही बसतो ते दार लावून, कुणाचं नाव घेत नाही, फक्त वेळा लिहितो. किती वाजता आजारी पडलं, किती वाजता पहिल्यांदा दाखवलं, गाडी किती वाजता मिळाली, आणि कुठे किती वेळ गेला. मी माझ्या त्या पहाटेची केस पहिली मांडली. वेळा लिहिल्यावर माझीही चूक दिसली, शिरेतून ग्लुकोज देण्यात माझी वीस मिनिटं गेली होती, नाळेतून लाइन लगेच टाकायला हवी होती. शेजारच्या तालुक्यातले एक तरुण डॉक्टर म्हणाले मॅडम मला ती पटकन टाकता येते, मी येऊन शिकवतो. आले, शिकवून गेले.

आता ग्रुपबद्दल. सांगलीच्या सरांनी तिकडचे आणि मी इकडचे असे करत करत व्हॉट्सॲपवर पन्नासेक डॉक्टर जमलेत, बालरोगतज्ज्ञ जास्त, काही प्राथमिक आरोग्य केंद्रांचे मेडिकल ऑफिसर. ग्रुपवर लेकराचं नाव, फोटो टाकायचा नाही हे पहिल्या दिवसापासून. फक्त वय, गाव, कारखान्याचा भाग आणि "फोन करा". बाकी फोनवर. लसीकरणाच्या नोंदीचं सरकारचं यू-विन पोर्टल आल्यापासून लसीची नोंद मोबाइल नंबरवर सापडायला लागलीय, फार चांगली गोष्ट आहे, पण आमच्या बायकांचा नंबर दर हंगामाला बदलतो, फोन नवऱ्याकडे असतो नाहीतर रिचार्ज संपलेला असतो, त्यामुळे कागद आणि पिशवी चालू ठेवलीय. दसऱ्याच्या आधी आम्ही आशाताईंकडून जाणाऱ्या टोळ्यांतल्या लेकरांची यादी घेतो, ज्यांना काही चालू आहे त्यांना चिठ्ठी, आणि डोस राहिलाय त्यांना निघण्याआधी डोस.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. पोलिओ असाच गेला. १९९५ पासून पल्स पोलिओ, खाजगी बालरोगतज्ज्ञ रविवारी बूथवर बसायचे, आणि मुख्य म्हणजे पंधरा वर्षांखालचं कुठलंही लेकरू अचानक लुळं पडलं की आम्ही सगळे, सरकारी असो की खाजगी, कळवायचो आणि अजूनही कळवतो, दोन आठवड्यांच्या आत शौचाचे दोन नमुने जातात. पोलिओ वाटतोय का हे आम्ही ठरवत बसत नाही, लुळं पडलं की कळवायचं. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडली, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. म्हणजे जमतं आपल्याला.

आणि नाही जमलं की काय होतं तेही ऑक्टोबर २०२५ मध्ये बघितलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं, साधा सर्दी-खोकला, कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप, मग लघवी बंद. कितीतरी मुलांना उपचारांना नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, वीसच्या वर लेकरं गेली. दोष औषधात होता, ते बनवणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा होता, पण मी त्यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं, की एका डॉक्टरला लघवी बंद झालेलं एक मूल दिसतं, ते त्याला विचित्र वाटतं आणि तो पुढे पाठवतो. तसंच मूल शेजारच्याकडे आलंय हे त्याला कळलं तरच शंका येते. आमच्या ग्रुपवर आता नियम आहे, नेहमीसारखं वाटत नाही असं एक जरी मूल आलं तरी विचारायचं, अजून कुणाकडे असं आलंय का. त्याच आठवड्यात आम्ही सहाही जणांनी ठरवून चार वर्षांखाली खोकल्याचं औषध लिहिणं बंद केलं. एकट्याने बंद केलं असतं तर आई म्हणाली असती या डॉक्टरीण बाईंना काही येत नाही आणि पलीकडच्या गल्लीत गेली असती. सहाही ठिकाणी तेच ऐकलं की तिलाही पटतं.

ओआरएसचंही तसंच. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष या बालरोगतज्ज्ञ बाई आठ वर्षं भांडत होत्या, की साखरेच्या पेयांवर ओआरएस लिहून विकू नका, मुलांचे जुलाब वाढतात. त्याच ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयने ते नाव वापरायला बंदी घातली. त्यांचा रडतानाचा व्हिडिओ बघून मलाही रडू आलं, आनंदाने, आणि लाजही वाटली, की आठ वर्षं त्यांना एकटीला का लढावं लागलं, आम्ही हजारो जण होतो ना. खऱ्या ओआरएसच्या एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, हे आम्हाला पाठ आहे. आमच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये कुठली टेट्रापॅक विकली जातायत ते मात्र आम्ही कधी वाकून बघितलं नव्हतं. आता बघतो.

पावडरच्या दुधाचा डबा आमच्या कुणाच्याच दवाखान्यात दिसत नाही आता, त्या कंपन्यांची कॅलेंडरं, पेनं, जेवणं काही घ्यायचं नाही. कायदाच आहे तसा १९९२ चा, २००३ ला आणखी कडक झालेला.

सरकारी योजना खाजगी डॉक्टरांनी सांगायला काय हरकत आहे ते मला कळत नाही. माझ्याकडे एक बाप आला होता, मुलाच्या हृदयाला छिद्र, ऑपरेशनसाठी एक एकर काढायला निघाला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ते ऑपरेशन फुकट होतं हे त्याला आधीच्या कुणीच सांगितलं नव्हतं. त्या कार्यक्रमाची तपासणी करणारी टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पण ऊसतोडीचं लेकरू नेमकं त्या दिवशी अंगणवाडीत नसलं की सुटतं. मग ते कुणाच्या तरी ओपीडीत येतंच ना, तापाने, खोकल्याने? तिथे त्याला धरायचं. तसंच सॅमच्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवताना आईला सांगायचं की बुडीत मजुरी मिळते, नाहीतर ती दोन आठवडे थांबणार नाही, कशी थांबेल?

कुणी विचारेल यातून किती लेकरं वाचली. मी आकडा देणार नाही, सहा दवाखान्यांच्या अनुभवावरून तसा दावा करणं बरोबर नाही. मला इतकं सांगता येतं की गेल्या दीड वर्षात माझ्या दारात ओल्या टॉवेलातलं बाळ आलेलं नाही.

अजून खूप राहिलंय. कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांचं काय करायचं ते जमलेलं नाही, बेळगावकडचे दोन डॉक्टर मिळालेत पण पुढे विजापूर-बागलकोटला कुणी ओळखीचं नाही, आणि चिठ्ठी मराठीत लिहावी की इंग्रजीत यावर आमचाच घोळ आहे. फिट्स येणाऱ्या मुलांची औषधं तिकडे मिळत नाहीत ही तक्रार दरवर्षी येते. तुमच्यापैकी कुणी त्या भागात प्रॅक्टिस करत असेल तर कृपा करून कळवा. आणि तुम्ही कुठल्याही साखर कारखान्याच्या, वीटभट्टीच्या, मोठ्या बांधकामाच्या आसपास बसत असाल तर आलेल्या लेकराला एकच प्रश्न जास्त विचारा, गाव कोणतं आणि गावाकडे कुणाला दाखवता. त्याचं उत्तर मिळालं की नंबर शोधायला दहा मिनिटं लागतात, जास्त नाही.

ती मुलगी? तिला आम्ही चौथ्या आठवड्यात आयर्न सुरू केलं. भूक आली तशी ती दवाखान्यात आली की माझ्या टेबलावरचं बिस्किट आधी हातात घ्यायची आणि मग तपासू द्यायची. दुसरा गोवर-रुबेला जूनमध्ये झाला. २०२५ च्या दिवाळीनंतर परत निघाली आईबापाबरोबर, मी खूप सांगून बघितलं आजीकडे ठेवा म्हणून, पण आजीही कोयत्यावर जाते. पावणेचार वर्षांची, वजन १२ किलो ४००, अजून कमीच आहे. चिठ्ठी मी लिहिली, या वेळी एका पानात मावली. आईने तीच जुनी दुधाची पिशवी आणली होती, कोपऱ्यात फाटलेली, म्हणून सिस्टरनी नवीन दिली, पण तिने जुनीच्या आत नवी घातली आणि वरून दोरा गुंडाळला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून सरांचा फोन आला, "मॅडम, पोचली तुमची मुलगी."

मी म्हटलं, सर, पाच महिने तुमची.